खेळाची दांडी आणि नानांचा खांदा

धुळ्याला आत्याकडे राहून मी कॉलेज करत होतो, त्या काळात त्या घरात मला विज्ञानाचा माणूस समजत. याला आधार एवढाच, की मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि अजून कशात नापास झालो नव्हतो. सावद्याजवळच्या आमच्या गावी, आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. वडील केळीचे घड खांद्यावरून वाहून ट्रक भरायला जात, आई दुसऱ्यांच्या केळीत कामाला जाई. घरातल्या पहिल्या शिकणाऱ्याची एक गंमत असते. त्याला विचारायला वर कोणी नसतं, आणि बाकीचे सगळे मात्र त्यालाच विचारत असतात. मिक्सर का तापतो, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, विमान मागे पांढरी रेघ का सोडतं. ‘मला माहीत नाही’ असं म्हटलं तर माझी फी फुकट गेली असं त्यांना वाटेल, अशी मला भीती होती. म्हणून मी थोडा वेळ छताकडे पाहायचो आणि काहीतरी सांगायचो. बहुतेक वेळा त्यात ‘दाब’ हा शब्द असे.

आत्याचे यजमान, म्हणजे नाना, एस.टी.च्या लाल गाडीवर कंडक्टर होते. धुळ्याहून सोनगीरमार्गे शिरपूरला जाणारी गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होती. तिकिटांना छिद्रं पाडायचा जुना पंच डेपोने कधीच बाद केला होता, तिकिटं यंत्रातून निघू लागली होती, पण नानांनी तो पंच घरी जपून ठेवला होता. विचारात असले की ते तो हातात घेऊन नुसताच वाजवत बसायचे, टिक टिक टिक टिक. सकाळी मला जाग यायची ती त्या आवाजाने, आणि मग सुरू व्हायचं दोन बोलींमधलं भांडण. आत्या आमच्याकडची, ती ‘मले, तुले’ करणारी. नाना धुळ्याचे, त्यांची पक्की अहिराणी. लग्नाला इतकी वर्षं होऊनही दोघांपैकी एकानेही माघार घेतली नव्हती. ‘आहे’ला नाना म्हणत ‘शे’, ती म्हणे ‘हाये’, आणि भाजी मात्र एकाच कढईत शिजे. हिवाळ्यात गावाहून आई भरताची वांगी पाठवायची. ती सावद्याच्या गाडीच्या कंडक्टरकडून जळगावला आणि तिथून दुसऱ्या कंडक्टरकडून धुळ्याला, अशी नानांच्या ओळखीवर बिनतिकीट प्रवास करत यायची. मग गच्चीवर काटक्यांचा जाळ, भाजलेल्या वांग्यांचा वास, लाकडी बडगीत ती ठेचल्याचा धप धप आवाज, वर मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. ते ठेचायचं काम नानांचं. त्या वर्षी मात्र ते मला करावं लागलं, कारण नानांचा हात गेला होता.

गेला म्हणजे होता तिथेच, पण वर जात नव्हता. पावसाळ्यात मोरीत पाय घसरून ते उजव्या खांद्यावर पडले. प्लास्टर झालं, निघालं, हाड जुळलं, पण तोवर खांदा आखडून बसला. हात छातीपर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा. जरा वर नेला की नाना डोळे मिटून ‘अं हं’ म्हणायचे. आता छातीपर्यंतच्या हाताने माणूस जेवू शकतो, दाढी करू शकतो, पंच वाजवू शकतो. पण कंडक्टरचं खरं काम डोक्याच्या वर असतं. गाडीच्या छताखालून जी दोरी जाते, ती ओढायची. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डेपोच्या डॉक्टरांनी मुदत देऊन सांगून टाकलं होतं: हात वर नेऊन दंड कानाला टेकला तर गाडी, नाहीतर पासाच्या खिडकीत बसायचं. पगार तोच. पण नानांना खिडकी म्हणजे शिक्षा वाटायची.

“खिडकीमा बठा तो कंडक्टर कसाना?” ते मला विचारायचे, जणू हाही विज्ञानाचा प्रश्न होता.

व्यायामाचा एक कागद मिळाला होता, त्यावर बाणांसकट चित्रं होती. आत्या रोज सकाळी तो घेऊन उभी राहायची. “उचला हात! डाक्टरनं काय सांगतलं? तुमाले गाडीवर जायचं हाये का खिडकीत बसायचं हाये?”

यावर नानांचं उत्तर ठरलेलं असे. “मी जनमभर कोनवर हात उचला नई. आते म्हातारपनमा उचलू का?”

ही गोष्ट खरी होती. नानांनी बायकोवर, मुलावर, भांडकुदळ प्रवाशांवर, कोणावरच कधी हात उचलला नव्हता, आणि गल्लीत त्यांचा तसा लौकिक होता. विनोद करून ते सुटायचे. आत्या हसायची नाही. त्यांना दुखण्यापेक्षा दुखण्याची भीती जास्त आहे, हे तिला कळलं होतं. मला कळलं नव्हतं, कारण मी अजून दाबावरच होतो.

अशात दिवाळीला हेमंत आला. हेमंत माझा आतेभाऊ, सुरतला कापडाच्या दुकानात कामाला. शेठच्या मुलाला ज्याचा कंटाळा आला होता असा एक व्हिडिओ गेम त्याने आणला होता. यंत्र पांढरं, डब्याएवढं. टीव्हीच्या वर ठेवायची एक काळी पट्टी. आणि हातात धरायची एक पांढरी दांडी. तिच्यावर बटणं थोडी, कारण खेळ बटणांनी खेळायचाच नव्हता. दांडी हवेत फिरवली की टीव्हीतला माणूस रॅकेट फिरवायचा. आपण हात मागे नेऊन पुढे आणला की त्याच्या हातून चेंडू गडगडत जायचा. आम्ही तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. हेमंतला मात्र तो खेळ बिलकूल आवडत नव्हता.

“हा काय खेळ आहे यार?” तो म्हणाला. “बटणाचा गेम कसा, आपण गादीवर लोळायचं, अंगठा हलवायचा, तिकडे तो पळतो, उड्या मारतो, मरतो. इथं आपणच उड्या मारायच्या. मग टीव्हीतल्या माणसाला ठेवलाय कशाला?”

आत्या म्हणाली, “दमच लावायचा असन त घरात काम काय कमी हाये? पिंप भर ना, मी पाहतो तुह्या टीव्हीतून.”

माझं लक्ष खोक्याकडे होतं. खोक्यावर एक पांढऱ्या केसांचं जोडपं हसत हसत दांड्या फिरवताना छापलं होतं. त्या चित्रातल्या आजोबांचा हात डोक्याच्या वर होता, पार कानाला टेकलेला. मी छताकडे पाहिलं. नंतर म्हणालो, “मला वाटतं, म्हणजे चुकतही असेन, पण हे व्यायामाचं यंत्र आहे. यात हात वर न्यावाच लागतो. नानांनी हे खेळावं.” शिकलेला माणूस शेवटी कामाला येतोच, असं आत्या शेजारच्या अक्कांना दुसऱ्या दिवशी सांगत होती, ते मी खिडकीतून ऐकलं आणि दिवसभर त्यावरच जगलो.

खोक्यात अर्धं फाटलेलं इंग्रजी पुस्तक होतं. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि त्याचं मराठी करून घरात वाचून दाखवलं. खेळताना आजूबाजूला जागा ठेवावी. हात ओले किंवा तेलकट नसावेत. दांडीचा पट्टा मनगटात घट्ट बांधल्याशिवाय खेळू नये. हा पट्ट्याचा नियम मी पुन्हा पुन्हा सांगे. दूध द्यायला आलेल्या माणसालाही मी तो सांगितला. नाना त्या दांडीला ‘पंच’ म्हणू लागले. टीव्हीत मी त्यांचा एक बाहुला तयार केला, त्याला मिशा दिल्या, खाली नाव टाकलं नाना. हेमंत यंत्र आमच्याकडेच ठेवून सुरतला परत गेला.

पहिली अडचण देवाची आली. रोज संध्याकाळी आत्याने दिवा लावला की दांडी रोखावी तिकडे पडद्यावर सरकणारा निशाणीचा पांढरा हात थरथरायचा आणि देव्हाऱ्याच्या बाजूला सरकायचा. देव्हारा टीव्हीच्या शेजारच्याच फळीवर. मी दांडी कितीही सरळ धरली तरी हात तिकडेच. “पाह्य,” आत्या म्हणाली, “त्यालेही समजते दिवेलागनीले कुठी पाहायचं.” मी सांगितलं की संध्याकाळी विजेचा दाब कमी होतो. आज मी जळगावात शाळेत विज्ञान शिकवतो, आणि हे लिहिताना कान गरम होतात. टीव्हीवरच्या त्या काळ्या पट्टीत डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो, दांडीच्या टोकाचा डोळा तो पाहतो, आणि निरांजनाच्या ज्योतीतही तोच प्रकाश असतो. दांडी बिचारी दिव्यालाच टीव्ही समजत होती. हे मला अनेक वर्षांनी नववीतल्या एका मुलीने सांगितलं. म्हणजे त्या घरात त्या दिवशी विज्ञानाच्या जास्त जवळ आत्या होती.

दुसरी अडचण मी. नानांना दाखवायला म्हणून मी सकाळी कॉलेजला जाण्याआधी मन लावून टेनिस खेळायचो. पुस्तकात होतं तसा पाय मागे, खांदा वळवून, हात पूर्ण वर. आठवडाभरात माझा उजवा दंड सुजला. प्रयोगशाळेत परीक्षानळी धरताना हात इतका कापायचा की आमचे सर म्हणाले, “रसायनाला घाबरू नकोस, ते तुला घाबरलंय.” भरीत ठेचायला बसलो तर मुसळ उचलवेना. मी तरीही टीव्हीशी हरायचो. आणि नाना? नानांचे गुण रोज वाढत होते. मी कॉलेजातून आलो की आत्या नानांच्या तोंडून ऐकलेलं सांगायची, आज हे जिंकले, काल जिंकले, आता तर टीव्ही त्यांना नवे नवे जोडीदार देतो. मी हेमंतला फोनवर कळवलं की सुधारणा समाधानकारक आहे. ‘समाधानकारक’ हा शब्द मी डॉक्टरांकडून उचलला होता.

डेपोच्या डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी हेमंत सुरतहून मुद्दाम आला. बापाचा निकाल काय लागतो याची त्यालाही धास्ती होती. तो दुपारी घरात शिरला तेव्हा आत्या गच्चीवर होती, मी मोरीत कपडे पिळत होतो. त्याचं हसणं ऐकून मी बाहेर आलो. नाना खाटेवर लोळले होते. पाठीशी दोन उशा, मांडीवर बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं ताट. डाव्या हाताने बिबडे खात होते, आणि उजवा हात पोटावर ठेवून त्यातली दांडी नुसत्या मनगटाने झटकत होते. टिक. टिक. टीव्हीतला मिशीवाला नाना जिवाच्या आकांताने धावत होता, उड्या मारत होता, हात आभाळाला लावून चेंडू परतवत होता, आणि जिंकत होता.

“हे समाधानकारक आहे?” हेमंतने मला विचारलं.

मी दांडीकडे पाहत राहिलो. तिला माणसाचा खांदा दिसतच नव्हता. तिला फक्त झटका कळत होता, आणि तिकिटं पंच करून करून नानांच्या मनगटात झटक्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. जो भोळेपणाने हात वर नेईल त्यालाच ती दमवणार, आणि ज्याला युक्ती सापडेल त्याला बसल्या जागी जिंकून देणार. थोडक्यात ती आमच्या परीक्षेसारखी होती. फरक इतकाच, की परीक्षेत मनगटवाला मी होतो.

आत्या गच्चीवरून खाली आली. तिने टीव्हीकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, ते मला जास्त लागलं. ती फक्त म्हणाली, “हा बिबड्यांचा डबा फळीवर ठेवा बरं.” फळी नानांच्या डोक्याच्या जरा वर होती. नाना उठले, डबा घेतला, हात छातीपर्यंत नेला, आणि ‘अं हं’. डबा तिथेच थांबला. मग त्यांनी तो हळूच डाव्या हातात घेतला. कोणी हसलं नाही. हेमंतसुद्धा नाही.

“खिडकी काही वाईट नसते,” हेमंत म्हणाला. “पंखा असतो.”

नाना खाली बसले. जुना पंच शोधायला त्यांनी उशीखाली हात घातला आणि वाजवायला लागले. आत्याने तेलाची वाटी आणून माझ्यासमोर आपटली. ओवा घालून तापवलेलं तिळाचं तेल. “चोळ. तेवढं त येते ना तुले?” मी नानांचा खांदा चोळायला बसलो. कोपरापर्यंत माझे हात तेलाने माखले. चोळता चोळता माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. माझ्या बोलण्यावर विसंबून त्यांचे दोन महिने गेले होते. उद्या ते खिडकीत बसणार, आणि मी रोज कॉलेजला जाताना त्या खिडकीसमोरून जाणार.

आणि मग मी ते केलं जे मी नेहमी करतो. चूक मान्य करायच्या ऐवजी ती समजावून सांगायला उठलो.

“नाना, यंत्राचा दोष नाही,” मी म्हणालो. “पद्धतीचा आहे. सर्व्हिस करताना हात पूर्ण वर जायला हवा. हे बघा. एकदाच बघा.” मी दांडी उचलली. नाना खाटेच्या कडेला बसले होते, टीव्ही समोर, मी मधे थोडा तिरका. पट्टा हवेत लोंबत होता. हेमंत म्हणाला, “अरे, तुझा तो पट्टा...” पण मी पाय मागे घेतला होता, खांदा वळवला होता, अगदी पुस्तकात होतं तसं. हात कानाला टेकवला आणि सगळ्या ताकदीने मागून पुढे आणला.

हात पुढे आला. दांडी आली नाही. तेलातून ती वरच निसटली, मागच्या बाजूला, सरळ नानांच्या तोंडावर.

मला फक्त ‘ठक्’ ऐकू आलं. वळून पाहिलं तर दांडी फरशीवर गरगरत होती, तिचं मागचं झाकण खाटेखाली गेलं होतं, आणि नाना उभे होते. त्यांच्या चेहऱ्याला काही झालं नव्हतं. दांडी त्यांच्या कोपराखाली लागली होती, कारण चेहऱ्यासमोर हात आडवा आला होता. आता तोच हात आडव्याचा उभा झाला, पंजा उघडा, डोक्याच्या वर. जन्मात पहिल्यांदा मी नानांना चिडलेलं पाहत होतो.

“थांब पोऱ्या, आते दखाडस!” असं म्हणत ते माझ्यावर धावून आले. मी डोळे मिटले, मान खाली घातली. गावी मार खाताना मान कशी घालायची हे मला चांगलं येत होतं.

थापड आली नाही. आत्याची किंकाळी आली. “हात! अहो, हात पाहा तुमचा!”

मी एक डोळा उघडला. नाना थांबले होते. त्यांनी हळूहळू मान वर केली आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं, गर्दीत दुसऱ्याच कोणीतरी हात वर केला असावा तसं. कपाळावर घाम होता. दुखत असणार, भयंकर दुखत असणार. पण ते तो खाली घेईनात. खाली घेतला आणि परत गेलाच नाही तर, ही भीती त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती.

“कानले टेकना का रे?” त्यांनी मला विचारलं. एवढं झाल्यावरही त्यांनी मलाच विचारलं.

मी जवळ जाऊन पाहिलं. दंड आणि कान यांत जेमतेम बोटभर जागा होती. “जवळजवळ,” मी म्हणालो. त्या घरात मी दिलेलं हे बहुधा पहिलं खरं उत्तर.

नानांनी दात आवळले. ती बोटभर जागा मिटली. मग त्यांनी मूठ वळली, हवेतली दोरी पकडली आणि ओढली. एकदा. पुन्हा एकदा. तोंडाने आवाज मात्र हेमंतने काढला, “टिंग टिंग!” आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हात पाहिला, थोडी मुदत वाढवून दिली, आणि रोजचा व्यायाम सांगितला. आत्याने माळ्याच्या हुकाला दोरी बांधली. नाना सकाळ-संध्याकाळ ती ओढत, ओरडत, पण ओढत. हात वर जातो हे त्यांना आता ठाऊक झालं होतं, उरलं होतं ते फक्त दुखणं. दांडीचं झाकण नीट बसेना, म्हणून हेमंत यंत्र परत घेऊन गेला आणि सुरतेत कोणालातरी देऊन टाकलं. खेळ म्हणून ते चांगलं होतं की नुसतं दमवणारं, यावर आमच्यात अजून वाद होतो. हेमंत म्हणतो दमवणारं. आत्या म्हणते दिवा लावायच्या वेळेला तरी शहाणं होतं. माझं मत अजून ठरत नाही. माझाच खांदा हल्ली आखडतो, फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना मीही ‘अं हं’ करतो, आणि मुलं हसतात.

उन्हाळ्याआधी नाना गाडीवर परतले. पहिल्याच दिवशी मी कारण नसताना सोनगीरपर्यंत जायला निघालो. दारातून आत चढलो, तर नाना समोर उभे, खाकी गणवेशात, खांद्याला चामडी पिशवी. मला पाहून त्यांचा चेहरा एकदम कठोर झाला.

“तुनी थापड बाकी शे,” ते म्हणाले, आणि त्यांनी हात उचलला.

मी सवयीने मान खाली घातली. डोक्यावरून घंटी दोनदा वाजली, आणि गाडी हलली.